विद्यार्थी भाडेकरूंना बंदी घालणाऱ्या ठरावाबद्दल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व कमिटी सभासद,
आपली सोसायटी, प्रतापगंज, वडोदरा

विषय : वार्षिक सभेतील ‘विद्यार्थी व अविवाहित भाडेकरू बंद’ या ठरावाला हरकत

अध्यक्ष महोदय,

स.न.वि.वि.

लिफ्टशेजारी लावलेली नोटीस वाचली. येत्या सभेत दोन ठराव यायचे आहेत. एक, यापुढे विद्यार्थ्यांना आणि अविवाहितांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. दोन, मागचं गेट रात्री दहाला बंद करून कुलूप घालायचं. पहिल्याला माझा पूर्ण विरोध आहे, दुसऱ्याला बराचसा. सभेत बोलायला मिळतात तीन मिनिटं, त्यातली दोन माइक सुरू होण्यात जातात, म्हणून लिहूनच देते.

माझा फ्लॅट मी कुणाला भाड्याने दिलेला नाही, देणारही नाही. मी त्यात राहते, आणि माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी त्या मागच्या गेटावर उघडते. ज्या गोंगाटाबद्दल नोटीस आहे, तो सगळ्यांच्या आधी माझ्या कानावर येतो. तेव्हा ‘तुम्हाला काय जातंय बोलायला’ असं कृपया कुणी म्हणू नये.

तक्रारी खोट्या नाहीत. रात्री बाराला गेटाबाहेर स्कूटरच्या सीटवर केक ठेवून वाढदिवस होतात, फेसाचे फवारे उडतात, आणि सकाळी ती सगळी घाण आपली झाडूवाली बाई काढते. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. जिन्यात पिझ्झाचे खोके पडलेले असतात, कारण महानगरपालिकेची कचऱ्याची गाडी सकाळी येते आणि पोरं तेव्हा गाढ झोपेत असतात. पार्किंगचं तर विचारूच नका. जून-जुलैत अ‍ॅडमिशन सुरू झाल्या की गेटासमोर इतक्या टू-व्हीलर लागतात, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांसाठी बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स आत घेता आली नव्हती. स्ट्रेचर रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. तो प्रसंग मी विसरलेले नाही, तुम्हीही विसरला नसाल.

पण त्या गाड्या कुणाच्या होत्या, हे आपल्यापैकी कुणी पाहिलं का? मी वॉचमनला बरोबर घेऊन एका सकाळी पाहिलं. निम्म्याहून जास्त गाड्यांचा आपल्या सोसायटीशी काही संबंध नव्हता. युनिव्हर्सिटीच्या कॉमर्सच्या इमारतीजवळ जागा मिळाली नाही की मुलं आपल्या गल्लीत गाडी लावतात आणि चालत लेक्चरला जातात. आपण उद्या सगळे भाडेकरू काढले तरी त्या गाड्या तिथेच असणार. त्यांना हवा गेटासमोर रंगवलेला पिवळा पट्टा, ‘येथे वाहन लावू नये’ असा ठळक बोर्ड आणि सकाळी दोन तास तिथेच उभा राहणारा माणूस. आपला वॉचमन त्या वेळी वरच्या टाकीची मोटर चालवत असतो. यात भाडेकरूंचा काय दोष?

भाडेकरूंच्या स्वतःच्या गाड्यांसाठी मागच्या भिंतीलगतची पट्टी आखून द्यावी. आज तिथे कुणाचं तरी जुनं फर्निचर आणि एक बंद पडलेली मारुती पडून आहे. ते कुणाचं, हे कमिटीला माहीत आहे, आणि ते विद्यार्थ्यांचं नाही.

आवाजाबद्दल नवा ठराव कशाला हवा, हे मला कळलेलं नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेतच. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. सणांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढीच. ही मर्यादा सगळ्यांना लागू आहे, आणि सगळ्यांत आपण स्वतःही आलो. गेल्या वर्षी आपल्याच सोसायटीच्या गणपती विसर्जनाला जो डीजे आला होता, त्याने माझ्या कपाटातल्या कपबशा वाजत होत्या. पावती कमिटीच्या फाइलमध्ये असेलच. त्या रात्री समोरच्या इमारतीतल्या मुलांची परीक्षा चालू होती. त्यांनी तक्रार केली नाही, त्यातले दोघे तर आरतीला येऊन मोदक खाऊन गेले.

आता मूळ मुद्दा. आपण युनिव्हर्सिटीशेजारी राहतो, ती आपल्याशेजारी येऊन राहिलेली नाही. बडोदा कॉलेज १८८१ सालचं, त्यातूनच झालेलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ सालचं. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. फाइन आर्ट्सची फॅकल्टी १९५०ची. आपली इमारत उभी राहिली तेव्हा हे सगळं जुनं झालेलं होतं, आणि बिल्डरने ‘युनिव्हर्सिटीपासून चालत’ हेच सांगून आपल्याला फ्लॅट विकले. आजही इथे एखादा फ्लॅट विकायला निघाला की ब्रोकर पहिलं वाक्य तेच बोलतो. किंमत हवी आणि मुलं नकोत, असं चालणार कसं?

आणि या मुलांमुळे आपल्या गल्लीला काय मिळतं, तेही कागदावर यायला हवं. मी एकटी राहते. फतेगंजच्या खाण्याच्या लाऱ्या (हातगाड्या) रात्री उशिरापर्यंत चालू असतात, सेव-उसळच्या पातेल्याभोवती घोळका असतो, झेरॉक्सवाल्याकडे रात्री थिसिस बांधायला गर्दी असते. मुंबईहून मुलीच्या घरून रात्रीच्या गाडीने आले तर स्टेशनवरून रिक्षा सहज मिळते आणि रिक्षातून उतरताना रस्त्यावर माणसं दिसतात. अलकापुरीपलीकडच्या नव्या, शांत टॉवरमध्ये राहायला गेलेली माझी मैत्रीण रात्री नऊनंतर खाली उतरत नाही. ‘शांतता फार आहे’ म्हणते, आणि ते ती तक्रार म्हणून सांगते. माझ्या वयाच्या बाईला जागता रस्ता बरा वाटतो, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

बी विंगमधल्या ताई टिफिन देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. डबे जवळजवळ सगळे विद्यार्थ्यांचेच. त्यांच्या घरातले दोन पगार बंद झाले तेव्हा हे डबेच चालले. ठरावाच्या बाजूने सही करणाऱ्यांमध्ये कितीजण सणावारी त्यांच्याकडूनच पुरणपोळ्या घेतात, तेवढं जरा आठवावं.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री चढली, तेव्हाचं सांगते. नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून खूप वर गेली होती. आपल्या पार्किंगमध्ये पाणी, वीज गेलेली, लिफ्ट बंद, पंप बंद. वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडे प्यायला पाणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमधली मुलं वीस लिटरचे जार खांद्यावर घेऊन जिने चढत होती. माझी ब्लडप्रेशरची गोळी त्यांच्यातल्याच एकाने कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन आणली. मी त्याला मगरींवरून ओरडलेसुद्धा. त्या दिवसांत शहरात रस्त्यावर मगरी निघत होत्या, ही काही नुसती अफवा नव्हती. आता हेच मुलगे नंतर डिसेंबरमध्ये गच्चीवर मोठ्याने गाणी लावून बसले आणि मीच वर जाऊन त्यांना खाली आणलं. पाणी आणलं म्हणून आवाज माफ, असा माझा हिशेब नाही. पण आवाज केला म्हणून घराबाहेर, हाही हिशेब मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण नोटिशीत ती नाही आणि मागच्या बैठकीत मात्र तीच होती. बैठकीत गाड्यांबद्दल पाच मिनिटं बोलणं झालं असेल. उरलेला वेळ ‘ते मांसाहार करतात’, ‘त्यांच्याकडे मुली येतात’, ‘नॉर्थ-ईस्टवाले’, ‘ते आफ्रिकन’, ‘आडनाव विचारूनच द्यावं’ यावर गेला. नोटिशीत विद्यार्थी लिहिलं आहे, पण मनात कोण आहे ते त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला समजलं. विद्यार्थीबंदीचा ठराव एकदा झाला की आपल्या ओळखीच्या, आपल्या जातीच्या, डॉक्टरांच्या भाच्याला ‘खास बाब’ म्हणून सूट मिळेल. बंदी उरेल ती बाकीच्यांसाठी.

हे शहर या बाबतीत एकदा नापास झालेलं आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली इथे नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका सरायीत दुसऱ्या नावाने राहिले, तर काठ्या घेतलेला जमाव दारात आला. ओळखीच्यांनीही घरात घेतलं नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत ते आपल्या कमाटीबागेत एका झाडाखाली बसून होते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आहे, आपल्यापासून चालण्याच्या अंतरावर. इथल्या पोरांच्या अडचणीची त्या अपमानाशी बरोबरी करायची नाही, करूही नये. पण खोली नाकारताना आपण कुणाचं काय पाहतो, एवढा प्रश्न त्या झाडाच्या शेजारी राहणाऱ्यांनी स्वतःला विचारावा असं मला वाटतं. आणि ‘अविवाहित’ हा शब्द तर काढूनच टाका. कमिटीतल्या तिघांची मुलं पुण्यात आणि बंगळूरला भाड्यानेच राहतात. लग्नं अजून व्हायची आहेत.

कायद्याचंही पाहा. आपली सोसायटी १९६१च्या गुजरात सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली आहे. उपविधी सभेतल्या टाळ्यांनी बदलत नाहीत, बदल रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो, आणि तिथे हा ठराव कुठल्या शब्दांत टिकेल याचा सल्ला आधी घ्यावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. पोलीस आयुक्तांचे जाहीरनामे त्यासाठी वेळोवेळी निघतात. आपल्याकडे किती मालकांनी ती दिली आहे? मला वाटतं, कमिटीने फाइल उघडली तर ठरावाचा रोख भाडेकरूंकडून मालकांकडे वळेल. फ्लॅट अहमदाबादेत बसून चालवायचा, चार जणांच्या जागेत आठजण भरायचे, भाडं ऑनलाइन घ्यायचं आणि कसलीच तक्रार ऐकायची नाही, असे मालक आपल्यात आहेत. माझं म्हणणं असं की दंड त्यांना लावा. एका फ्लॅटमध्ये किती माणसं राहतील ते ठरवा, प्रत्येक भाड्याच्या फ्लॅटसाठी शहरातलाच एक जबाबदार माणूस आणि त्याचा फोन नंबर लिहून घ्या, तिसऱ्या लेखी तक्रारीनंतर मालकाला नोटीस पाठवा. भाड्याच्या फ्लॅटकडून जादा मेन्टेनन्स आपण घेतोच. त्यातून प्रत्येक मजल्यावर झाकणाचे दोन डबे ठेवा, म्हणजे सकाळी उठू न शकणाऱ्यांचा कचरा जिन्यात येणार नाही. हे नियम कुटुंबवाल्या भाडेकरूंनाही लावा, माझ्या वरच्या मजल्यावरचं मिक्सर प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे.

मागच्या गेटाबद्दल. ते दहाला बंद झालं तर स्टेशनकडून किंवा फॅकल्टीकडून येणाऱ्या मुलीला पूर्ण वळसा घालून पुढच्या गेटाने यावं लागेल, आणि त्या वळशातला बोळ अंधारा आहे. सुरक्षिततेसाठी म्हणून गेट बंद करायचं आणि मुलीला अंधारातून चालवायचं, हे मला पटत नाही. साडेअकरापर्यंत उघडं ठेवा, पुढे आतून कडी आणि वॉचमनकडे बेल. बोळातल्या दिव्यासाठी महानगरपालिकेकडे अर्ज मी स्वतः करते, सही मात्र कमिटीची लागेल.

सभेबद्दल दोन विनंत्या. दोन्ही ठराव वेगवेगळे मांडावेत, एकत्र हात वर करून घेऊ नयेत. आणि भाडेकरूंपैकी दोघांना सभेत बसू द्यावं. मत देता येणार नाही हे त्यांना माहीत आहे, पण आपल्याबद्दल काय बोललं जातं ते त्यांनी ऐकावं, आणि आपणही त्यांच्या तोंडावर बोलावं. मी त्यांच्याशी बोलले आहे, ते यायला तयार आहेत. वाढदिवस गच्चीवर दहाच्या आत करायचे आणि जागा झाडून द्यायची, हे त्यांनी लिहून द्यायचंही कबूल केलं आहे. त्यासाठी गच्चीचं कुलूप मात्र उत्तरायणाच्या पतंगांव्यतिरिक्तही उघडावं लागेल. तेही कमिटीनेच ठरवायचं आहे.

या पत्राची पोच सेक्रेटरींच्या सही-शिक्क्यानिशी मिळावी, आणि एक प्रत नोटिशीच्या शेजारी बोर्डावर लावावी. बोर्डाच्या काचेची किल्ली हरवली आहे असं मला मागच्या वेळी सांगण्यात आलं होतं. ती वॉचमनच्या टेबलाच्या खणात आहे.

कळावे,

आपली,
एक सभासद, पहिला मजला, मागची बाजू