अर्ध्यावर फिरलेला पिक्चर

अमळनेर,
५ जानेवारी

प्रिय बापू,

परवा मळ्यात भरिताची पार्टी झाली. तू नव्हतास, पण वाद तुझाच होता. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती, साल काळी पडून रस चरचरत होता आणि पोरं 'फ्रॉम डस्क टिल डॉन'वरून भांडत होती. पिक्चर १९९६चा, पण आदल्या रात्रीच सगळ्यांनी मिळून पाहिलेला.

निम्म्यापर्यंत दरोडेखोर दोघे भाऊ, ओलीस धरलेला पाद्री, त्याची दोन मुलं, मेक्सिकोची हद्द. मग बारमध्ये सल्मा हायेकचा सापासकटचा नाच, मारामारी, रक्त आणि एकदम व्हॅम्पायर! अर्धी मंडळी म्हणे, दोन पिक्चर दाभणाने टाचलेत. तूही तेव्हा हेच म्हणाला होतास आणि मी मान डोलावली होती. आता मला तसं वाटत नाही.

तुझं एक खरं, बापू. पहिल्या भागातली भीती मोठी आहे. मोटेलच्या खोलीत धाकट्याने ओलीस धरलेल्या बँकेतल्या बाईचं काय केलं, ते थोरला परत आल्यावर क्षणभर, तुकड्यातुकड्यांनी दिसतं. त्यापुढे दात विचकणारे व्हॅम्पायर काहीच नाहीत.

पण त्या पाद्रीकडे बघ ना. बायको गेल्यावर त्याचा देवावरचा विश्वास उडालाय. बारमध्ये कोंडल्यावर व्हॅम्पायरांविरुद्ध वापरायला पाण्याचं तीर्थ करायची वेळ येते आणि तिथे खोटा विश्वास चालत नाही. बंदुकीवर बेसबॉलची बॅट आडवी धरून तो क्रूस करतो, तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. सरळ दरोड्याच्या गोष्टीत या माणसाची अशी परीक्षा झाली असती का?

मी म्हटलं, तमाशात बतावणीला पोट धरून हसणारे लोक त्याच बोर्डावर वगात रडतात, तेव्हा कुणी तक्रार करतं का? त्यावर धुळ्याचा पाहुणा म्हणाला, "तिथं वग लागणार हे माहीत असतं, भो. इथं कुणी सांगितलं?" मला उत्तर सुचलं नाही. भाकरी हातातच राहिली.

घरी येऊन शेवट पुन्हा पाहिला. कॅमेरा बारच्या मागे जातो आणि खाली जुन्या मंदिराचा पिरॅमिड, त्याच्या पायथ्याशी गाड्यांचा खच. म्हणजे हे दोघे भाऊ येण्याच्या कितीतरी आधीपासून ते सगळं तिथेच होतं. एवढा शेवट पुन्हा बघ आणि मग मला लिही.

संक्रांतीला येतोस ना? कळण्याची भाकरी ठरली.

तुझाच,
नाना