प्राण्यांवरचे फसलेले प्रयोगही जाहीर करायला लावा : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञानमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) संशोधनात प्राणी वापरावेत की नाही, यावर आपल्याकडे दोन प्रकारची निवेदने येत असतील : सरसकट बंदी घाला, नाहीतर शास्त्रज्ञांना मोकळे सोडा. माझी मागणी वेगळी आहे. परवानगी जरूर द्या, पण प्रत्येक प्रयोगाची नोंद आधी झाली पाहिजे आणि निकाल, फसलेला असला तरी, जाहीर झालाच पाहिजे.

बंदी मी मागत नाही, कारण या प्राण्यांचे ऋण खरे आहे. १९५३ मध्ये संशोधक जॉन किड यांना गिनीपिगच्या सीरममुळे (रक्तातल्या द्रवामुळे) उंदरांमधील लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाच्या, गाठी विरघळताना दिसल्या. त्या सीरममधले अस्पॅराजिनेज हे एन्झाइम होते, हे पुढे कळले. लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या प्रकारावरील उपचारांत आज ते असतेच. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या दुसऱ्या प्रकारात रेटिनॉइक आम्ल (‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप) आणि आर्सेनिक एकत्र दिले तर आजार मुळातून हटतो, हे आधी उंदरांत दिसले. २०१३ मध्ये रुग्णांवरील चाचणीने दाखवले की, फार जोखीम नसलेल्यांना केमोथेरपीशिवाय एवढ्यावरच बरे करता येते.

पण उंदीर फसवतोही. माणसाच्या ल्युकेमियाच्या पेशी त्याच्यात रुजाव्यात म्हणून त्याची प्रतिकारशक्तीच काढून टाकलेली असते. कार-टी उपचारात, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचारात, रुग्णांना जीवघेणे सायटोकाइन वादळ (प्रतिकारशक्तीचा बेफाम भडका) सोसावे लागले. नेहमीच्या अशा उंदरांत ते दिसत नव्हते. २०१८ मध्ये वेगळ्या रचनेच्या उंदरांवर काम झाले, तेव्हा त्यामागे मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींचा मोठा हात असल्याचे कळले.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. उंदराला रोगट पेशी टोचल्यावर लगेच औषध सुरू केले, तर उंदीर सहज वाचू शकतो. रुग्ण मात्र डॉक्टरांकडे येतो तो अस्थिमज्जा रोगट पेशींनी भरून गेल्यावर. औषध कोणत्या दिवशी सुरू केले, उंदीर कोणत्या वाणाचे, किती, गट कसे पाडले, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर नंतर चांगली बाजू तेवढी छापता येते. उरलेले फायलीत पडून राहते. मग दुसरी प्रयोगशाळा तोच प्रयोग पुन्हा करते, पुन्हा प्राणी मारले जातात, आणि अर्धवट माहितीच्या भरवशावर एखादा रुग्ण चाचणीच्या संमतिपत्रावर सही करतो. हे मला अन्यायाचे वाटते, प्राण्यांवरही आणि रुग्णावरही.

जर्मनीत २०१९ पासून अशा प्रयोगांची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. आपण ती सक्तीची करा. कल्पना चोरीला जाण्याची भीती शास्त्रज्ञ बोलून दाखवतील आणि ती खोटी नाही. म्हणून नोंद काही काळ गोपनीय ठेवण्याची मुभा द्या. निकालाला मात्र सवलत नको. सरकारी निधीचा शेवटचा हप्ता तो जाहीर झाल्यावरच द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक