सायकल, तंबू आणि वरंधा घाट : आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

डिसेंबरात आम्ही पाच जण सायकलवर तंबू घेऊन घाटांतून फिरायला निघतोय. घाट चढताना काय होईल, याचीच काळजी तुम्ही दोघं करताय, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते. चढ हा या रस्त्यातला सगळ्यात कमी धोक्याचा भाग. वेग ताशी पाच-सहा किलोमीटर असतो, दमलं की पाय टेकायचा, संपलं. जपायचं असतं ते उतारावर आणि संध्याकाळी तंबूची जागा ठरवताना.

मार्ग असा आहे. पुण्याहून कापूरहोळवरून भोर, तिथून नीरा-देवघर धरणाच्या कडेने वरंधा घाट, खाली बिरवाडी, महाड, पोलादपूर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट उतरून वाई, आणि वाईहून मांढरदेवीचा डोंगर ओलांडून परत भोर. वाईहून सुरूरला येऊन हायवे धरला तर पुणे सोपं पडतं, पण मग ट्रकांच्या गर्दीत खंबाटकीच्या बोगद्यातून यावं लागतं. त्यापेक्षा मांढरदेवीचा चढ परवडला. तिथली मोठी यात्रा पौष पौर्णिमेला असते, आम्ही त्याआधीच जाऊन येतोय.

आंबेनळी म्हटल्यावर बाबांना २०१८ चा बस अपघात आठवला असणार, आणि महाड म्हटल्यावर २०२१ ची तळीये गावावर कोसळलेली दरड. दोन्ही घटना जुलैतल्या. पावसाळ्यात डोंगराची माती पाणी पिऊन जड होते, खडकावरची पकड सुटते, आणि वरंधा तर पावसात बऱ्याचदा वाहतुकीला बंदच ठेवतात. डिसेंबरात डोंगर वाळलेला असतो. तरी निघण्याच्या आदल्या दिवशी भोर आणि महाडच्या पोलीस ठाण्यांत फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारायचं ठरलंय. दुरुस्तीसाठी घाट हिवाळ्यातही बंद ठेवतात, आणि फलक दिसतो तो भोर सोडून बरंच पुढे गेल्यावर.

आता चढाचं गणित, बाबांसाठी. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर. सरासरी चढ तीन-साडेतीन टक्के निघतो, पण सरासरीवर विसंबायचं नाही, काही वळणं दुपटीने उभी आहेत. माझ्या सायकलला पुढे सगळ्यात लहान चक्र २२ दात्यांचं, मागे सगळ्यात मोठं ३४ चं, आणि चाक २६ इंची. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.३४ मीटर सरकते. मिनिटाला सत्तर फेरे मारले तर वेग ताशी साडेपाच किलोमीटर. रेसिंगच्या सायकलला पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर त्याच वेगाला मिनिटाला जेमतेम ३७ फेरे पडतात, आणि सगळा जोर गुडघ्यावर येतो. घाटात गुडघे जातात ते वयाने नाही, चुकीच्या गिअरने. दुसरं कारण सीटची उंची. पेडल खाली असताना टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट त्याहून खाली असेल तर गुडघ्याची वाटी पुढून दुखते, वर असेल तर मागची शीर ओढली जाते.

उतार. मी, सायकल आणि सामान मिळून वजन नव्वद किलोच्या आसपास. पाचगणीहून वाईला येताना साडेपाचशे मीटर खाली यायचं. हळू उतरलं तर एवढ्या उंचीची जवळजवळ सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि ती दीड लिटर गार पाण्याला उकळी आणेल इतकी भरते. म्हणून ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. तसं केलं तर डिस्क ब्रेकचे पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि मग दाबूनही धरत नाहीत. चाकाच्या कडीला (रिमला) धरणारा रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. पद्धत अशी: सरळ पट्ट्यात, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवायचा, सोडायचा, ब्रेक मोकळे ठेवून वळण घ्यायचं. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं, आणि कडेला बारीक खडी असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. पॅडवरचं मटेरियल अर्ध्या मिलिमीटरवर आलं की ते बदलायचं. निघताना सगळ्यांच्या सायकलींना नवे पॅड बसवतोय, जुने "अजून चालतील" असे असले तरी. हात भरून आले की थांबायचं, हाही नियम आहे.

एसटी आणि ट्रक वळणावर बाहेरून मोठा घेर घेतात, त्यामुळे आंधळ्या वळणावर आतली बाजू कापायची नाही. आणि आई, "अगदी कडेने चालव" हे तू सांगतेस ते घाटात चुकीचं ठरतं. डांबराची कड तुटलेली असते, चाक खाली उतरलं की परत वर चढताना सायकल आडवी होते. कडेपासून हातभर आत राहायचं. मागून येणाऱ्यालाही मग आपण दिसतो. मागचा लाल दिवा भर उन्हातही लावून ठेवणार आहोत. उतारावर दोन सायकलींत वीस-तीस मीटर अंतर, एकामागे एक, गप्पा बंद. चढावर प्रत्येकाने आपापल्या गतीने जायचं, पण सगळ्यात शेवटी हत्यारांची पिशवी असलेलाच राहणार. दमलेला माणूस शेवटी सोडायचा नाही, हे महत्त्वाचं.

सामान पाठीवर अजिबात नाही. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगाला पॅनिअर, म्हणजे बाजूला अडकवायच्या पिशव्या, जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या आसाजवळ. तंबू, गॅस, तांदूळ वर ठेवले तर उभं राहून पेडल मारताना सायकल झुलते. कॅरिअरचे स्क्रू पाच मिलिमीटरचे असतात, ते थरथरीने सैल होतात, म्हणून रोज सकाळी ॲलन कीने तपासायचे आणि चार जास्तीचे बरोबर ठेवायचे. एक स्क्रू गळाला की कॅरिअर चाकाकडे झुकतं, पॅनिअर आऱ्यांत अडकतो आणि सगळंच थांबतं.

बिघाडांत पहिला पंक्चर. बाभळीचा काटा ट्यूबमधून निघतो, पण टायरमध्ये टोक राहतं, आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. म्हणून टायर आतून फडक्याने पुसून घ्यायचा, काटा असेल तिथे फडकं अडकतं. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडामध्ये चेपून तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ही भोकं दिसली की काटा शोधत बसायचं नाही, हवा वाढवायची. मागे ५५-६० पीएसआय, पुढे पाच कमी. ट्यूबचे व्हॉल्व मोटरसायकलसारखे, म्हणजे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनची ट्यूब मात्र न फोडलेली घ्यायची, एकदा फोडलेली महिन्याभरात वाळून जाते.

दुसरा बिघाड आऱ्याचा. तुटतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा, कारण तिकडचे आरे जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, आणि सगळा भार मागेच असतो. तो बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, काढावी लागते, ते हत्यार जड, म्हणून एक सगळ्यांत मिळून. तोवर तुटलेला आरा शेजारच्याला गुंडाळून, दोन्ही बाजूंच्या आऱ्यांना पाव-पाव फेरा देऊन चाक पुरेसं सरळ करता येतं. डिस्क ब्रेक असल्याने चाक थोडं डुललं तरी अडत नाही.

तिसरा बिघाड लोक विसरतात. मागचा गिअर, म्हणजे चेन या चक्रावरून त्या चक्रावर सरकवणारा डिरेल्युअर, ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, आणि मग सगळ्यात मोठ्या चक्रावर गिअर टाकताना डिरेल्युअर थेट आऱ्यांत जातो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, महाडच्या दुकानात तो मिळेल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून प्रत्येकाने आपापला घ्यायचा. ऐंशी ग्रॅमसुद्धा वजन नाही.

आता रात्री. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, म्हणून चारच्या पुढे जागा शोधायला लागायचं. आधी गावात जाऊन सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारायचं. शाळेचं किंवा देवळाचं आवार मिळालं तर रानापेक्षा केव्हाही बरं: पाणी जवळ, माणसं जवळ. पहिला मुक्काम हिर्डोशीच्या आसपास. तिथे धरणाचा काठ सुंदर दिसतो, पण अगदी काठावर तंबू नाही. पाण्याजवळ गारवा साचतो, दव जास्त पडतं. वाळक्या फांद्यांखाली नाही, ओढ्याच्या पात्रात नाही, आणि कड्याला किंवा झाडाला आग्या माश्यांचं पोळं दिसलं तर तिथून लांब. सह्याद्रीत बिबट्याची भीती जास्त वाटते, पण आग्या माश्यांपासून जपावं लागतं त्याहून अधिक. धूर आणि अत्तराचा वास त्यांना चालत नाही, म्हणून शेकोटीही नाही.

महाबळेश्वरात तंबू नाहीच. आजूबाजूला राखीव वन, माकडं तंबू फाडतात, आणि वेण्णा लेकच्या परिसरात कडक थंडीत दवाचा बर्फ होतो. तिथे साधं लॉज घेतोय. आई, एवढं वाचून तरी बरं वाटलं असेल.

तंबू पूर्ण बंद केला तर श्वासाची वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे झोपायची पिशवी ओली होते, म्हणून वरची खिडकी उघडी. जाळीची चेन मात्र आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी लावायची. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. बंद जाळी हा त्यावरचा खरा उपाय. बूट आत, आणि सकाळी झटकून घालायचे. साप चावलाच तर कापणं, चोखणं, दोरी बांधणं यातलं काही नाही. तो भाग हलू न देता १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. विंचवाबद्दल बाबांना एक सांगते. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचेच, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे आम्ही जातोय तो मुलूख विंचवांचा आहे तसा त्यावरच्या उपचारांचाही.

खाण्याचं. घाटात तासाला चाळीस ते साठ ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवं. एका केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम, बाकी चिक्की आणि गूळ-शेंगदाणे. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, पाय अचानक रिकामे होतात. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि नुसतं पाणी नको, दिवसातून दोनदा ओआरएस. वरंध्यात वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजी मिळतात, पण उतरायच्या आधी पोटभर भजी नकोत, हे माझं मत, बाकीचे ऐकतील असं वाटत नाही. रात्री खिचडी: माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ, अर्धा तास भिजवून, म्हणजे गॅस कमी लागतो. पाच जणांच्या सकाळ-संध्याकाळच्या स्वयंपाकाला २३० ग्रॅमचा एक डबा दोन दिवस पुरतो. थंडीत ब्युटेनचा जोर कमी पडतो, म्हणून डबा रात्री अंथरुणाजवळ ठेवायचा. स्टोव्ह मात्र तंबूच्या आत कधीही पेटवायचा नाही, पाऊस आला तरी. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फोनचं नीट लक्षात ठेवा. भोर सोडल्यापासून बिरवाडी येईपर्यंत, आणि पोलादपूर सोडल्यापासून महाबळेश्वर जवळ येईपर्यंत, रेंज धड मिळत नाही. तेवढा वेळ फोन लागला नाही तर काही झालंय असं समजू नका. पहिल्या रात्रीचा मुक्कामही रेंजच्या बाहेर आहे, म्हणून त्या दिवशीचा फोन भोरहून दुपारीच येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत बिरवाडीहून फोन आला नाही, किंवा पुढच्या कुठल्याही रात्री आठपर्यंत आला नाही, तर सोबतच्या कागदावरच्या दोन नंबरांवर विचारा. तिथेही कुणी उचललं नाही, तर मग ११२. कागद फ्रिजवर लावा, बाबांच्या खिशात नको.

आई, पाव किलो मेतकूट आणि तेवढीच लसणीची चटणी पाठव. डब्यात नको, जाड पिशवीत बांध. डबे पॅनिअरमध्ये मावत नाहीत. दशम्या दुधात भिजवलेल्या कर, पण दहाच्या वर नको, दोन दिवसांत संपायला हव्यात. आणि बाबा, तुमच्या हत्यारांच्या पेटीतला तो जुना आऱ्यांचा पाना याच पार्सलमध्ये टाका. इथे मिळतात ते दोनदा फिरवले की घसरतात.

तुमची,
धाकटी