प्रेस्टनच्या काकूंना, मनापासून थँक्यू

प्रिय काकू, सप्रेम नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं ते राहू दे, जेवलास का" म्हणून विषयच बदलता, म्हणून शेवटी लिहायला बसलोय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. इंग्लंडमधल्या प्रेस्टनकडचं मिशन, म्हणजे चर्चतर्फे धर्मप्रचाराचं काम, संपवून पिंपरीला घरी आलोय. इथे जो भेटतो तो विचारतो की तिकडे दोन वर्ष करत काय होतास रे, आणि मी सांगायला लागलो की पाच मिनिटांत गाडी तुमच्या किचनमध्ये येऊन थांबते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचं घर मराठी ख्रिस्ती, मूळ नगरकडचं, बाबा लग्नाच्या आधी या चर्चमध्ये आले. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात, पण 2018 मध्ये तेव्हाचे आमचे प्रेसिडेंट नेल्सन यांनी सांगितलं की पूर्ण नाव घ्या, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. आमच्यात मुलं 18 पूर्ण झाली की 24 महिने मिशनला जाऊ शकतात, मुली 18 महिने, आणि कुठे जायचं ते आपण ठरवत नाही, चर्चकडून कॉल येतो. पगार वगैरे काही नसतो, उलट अमेरिकेतली मुलं दर महिन्याला स्वतःचे पैसे भरतात, बरेच जण शाळेत असल्यापासून काम करून साठवतात. मला इंग्लंडचा कॉल आला तेव्हा बाबांना फार भरून आलं, कारण ब्रिटनमधून आलेले ह्यू फिंडले नावाचे एक एल्डर (आमच्यात मिशनरी मुलांना असंच म्हणतात) 1852 साली बोटीने मुंबईला उतरून पुढे पुण्यात आले होते, आणि आता पुण्याकडचा मुलगा उलटा तिकडे चालला होता. त्यात पुन्हा प्रेस्टन! आमच्या चर्चचे पहिले मिशनरी 1837 मध्ये इंग्लंडला आले ते याच गावात, आणि 30 जुलैला रिबल नदीत पहिले नऊ बाप्तिस्मे झाले, बघायला हजारोंची गर्दी. पहिला नंबर कोणाचा यासाठी दोघं चक्क नदीपर्यंत पळत गेले आणि जॉर्ज वॉट नावाचा तरुण जिंकला. ॲव्हनहॅम पार्कमध्ये त्याची आठवण म्हणून पाटी आहे, तुम्ही रोज त्याच बागेतून चालत जायचात आणि तुम्हाला ते मी सांगितल्यावर कळलं, आठवतं?

पण इतिहास एका जागी आणि आमचा रोजचा दिवस एका जागी. सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, नाश्ता, एकट्याने अभ्यास, मग कंपॅनियनबरोबर, म्हणजे जोडीला दिलेल्या दुसऱ्या मिशनरीबरोबर, अभ्यास, आणि नंतर पांढरा शर्ट टाय लावून बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला लाइट बंद. कंपॅनियनला सोडून कुठेही जायचं नाही, तो दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरातच राहायचं. सिनेमा नाही, टीव्ही नाही, गर्लफ्रेंड तर नाहीच. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा निरोप येतो, जरा कुठे गल्ल्या पाठ होतात तर कंपॅनियन तरी बदलतो नाहीतर गाव तरी बदलतं. आणि दिवसभर दारं वाजवायची. प्रेस्टनची ती लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, एका रस्त्यावर पन्नास दारं, बहुतेक उघडत नाहीत, जी उघडतात त्यातली बरीचशी "नो थँक्स लव्ह" म्हणून नीट बंद होतात, आणि एखादं दार असं आपटतं की पुढचं वाजवायला हात उचलत नाही. मला माझ्या श्रद्धेबद्दल तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही, पण एकोणीस वर्षाच्या मुलाला दिवसभर नाही नाही ऐकून संध्याकाळी जे होतं ते होतंच.

तुम्ही फिशरगेटच्या बसस्टॉपवर भेटलात. हातात कोथिंबिरीची जुडी डोकावणारी पिशवी, आणि तुम्ही माझ्या छातीवरचा काळा बॅज वाचत होतात, एल्डर आणि पुढे आमचं मराठी आडनाव, आणि एकदम म्हणालात, "अरे तू आपल्याकडचा की काय?" इतक्या महिन्यांनी समोरासमोर मराठी ऐकलं आणि मला पटकन उत्तरच देता येईना. मग तुम्ही नाव विचारलंत. मी सवयीने एल्डर अमुक म्हणालो तर तुम्ही म्हणालात, ते वाचलं मी, आई काय हाक मारते ते सांग. काकू, मिशनवर पहिल्या नावाने कोणी बोलावत नाही, कंपॅनियनसुद्धा एल्डरच म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, कामाचा मान असतो तो. पण तुम्ही त्या दिवसापासून शेवटपर्यंत मला नावाने हाक मारलीत, ते मला किती हवं होतं हे मला तेव्हाच कळलं.

पहिल्यांदा घरी बोलावलंत तेव्हाच तुम्ही स्पष्ट सांगितलंत, बाळा, आमचं देवघर आहे, आम्ही त्यात सुखी आहोत, धर्म बदलायचं वगैरे आमच्याकडे काढायचं नाही, पण जेवायला कधीही ये. मी जो निरोप घेऊन एवढ्या लांब आलो होतो त्याला तुम्ही नाही म्हणालात आणि मला मात्र हो म्हणालात. खूप लोक याच्या उलट करतात, गोड बोलून पत्रक घेतात आणि पुढच्या वेळी पडद्याआडून बघून दार उघडत नाहीत. तुम्ही खरं बोललात म्हणून मला तुमच्याकडे मोकळं बसता आलं.

आमच्या नियमांचा तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त अभ्यास केलात! घरात बाई एकटी असेल तर आम्ही आत येऊ शकत नाही, हे कळल्यावर तुम्ही काकांच्या हॉस्पिटलच्या ड्युट्या बघून जेवणाचा वार ठरवायला लागलात. चहा-कॉफी चालत नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, मराठी घरात पाहुण्याला चहा विचारायचा नाही म्हणजे काय, पण पुढच्या वेळी तुम्ही गवती चहाची पात आणि आलं उकळून, पावडर न घालता, गूळ टाकून दिलंत. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा उपास असतो, दोन वेळा काही खायचं प्यायचं नाही, तर तुम्ही आदल्या दिवशी काकांबरोबर साबुदाण्याची खिचडी पाठवलीत. उपासाला ती चालत नाही हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, आम्ही ती उपास सोडायला खाल्ली आणि माझा आयडाहोचा कंपॅनियन डब्याचं झाकणसुद्धा पुसून खात होता.

आणि तो नोव्हेंबरचा दिवस. चार वाजताच अंधार, पाऊस आडवा, एका घरातून एक माणूस रस्त्यापर्यंत ओरडत आमच्या मागे आला होता, आणि आम्ही तुमच्या दारात आलो तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो. तुम्ही पण काही विचारलं नाहीत. आमचे बूट काढून घेतलेत, आतले तळ उपसून वेगळे केलेत, पेपरचे बोळे करून बुटांच्या टोकापर्यंत दाबून भरलेत आणि रेडिएटरखाली तिरके उभे केलेत, थोड्या वेळाने ओले बोळे काढून परत कोरडे भरलेत. मोजे काकांचे दिलेत. मग मऊ भात, तूप, मेतकूट. मी जेवताना रडलो, तुम्ही बघितलंत, आणि फक्त भात अजून वाढलात. निघताना काकांचा रेनकोट जो माझ्या अंगावर चढवलात तो शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिला, काकांनी एकदाही विचारला नाही.

आईबद्दल पण सांगायचंय. आधीच्या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, 2019 पासून दर आठवड्याला करता येतो. कपडे धुणं, वाणसामान आणि घरचा फोन हे सगळं आमच्या सुट्टीच्या दिवशी, प्रिपरेशन डे म्हणतात त्याला. आईला मी सगळं छान आहे असंच सांगायचो. तुम्ही एकदा तिच्याशी बोललात आणि खरं काय ते सांगितलंत, की बारीक झालाय, थकतो, पण कामावर मन आहे आणि मी बघते त्याच्याकडे. आई म्हणते त्या रात्री तिला नीट झोप लागली.

माझी ट्रान्सफर झाल्यावर पुढच्या दोन एल्डरांनाही तुम्ही जेवायला घातलंत, एक टोंगाचा आणि एक युटाचा, हे मला त्यांच्याकडूनच कळलं, तुम्ही बोलला नाहीत. त्यांच्या वतीने पण थँक्यू. आयडाहोवाल्याचा मेसेज आलाय, त्याला तुमची उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजी करायचीय आणि हिंग किती घालायचा ते कळत नाहीये, मला पण माहीत नाही, जरा व्हॉइस नोट पाठवा, इंग्लिशमध्ये पाठवा. आई तुमच्यासाठी गोडा मसाला आणि मेतकूट करून ठेवतेय, पुढच्या महिन्यात काकांचे भाऊ येणार आहेत ना, त्यांच्याबरोबर पाठवते. रेनकोट पण त्यातच घालतोय, धुऊन इस्त्री केलाय. इकडे आलात की आधी आमच्याकडे उतरायचं, हे आईने खास लिहायला सांगितलंय.

काकांना नमस्कार सांगा.

तुमचा,
तुम्ही नावाने हाक मारायचात तो