वादळात बंदर गाठण्याची घाई नको

महोदय,

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळाची शक्यता असते, आणि त्याच दिवसांत कोकणात मासेमारी जोरात असते. बंदरावर ३ नंबरचा बावटा लागला की स्थानिक धोका समजावा. पण आधीच समुद्रात असलेल्या तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) तो दिसणार कसा? मोबाइलची रेंज काही मैलांवर संपते. म्हणून नौकेवरचा व्हीएचएफ वायरलेस संच १६ नंबर चॅनेलवर सतत चालू हवा.

क्षितिजावर काळा पट्टा उठून वारा अचानक गार झाला की जाळे लगेच ओढावे. ते अडकले तर कापावे, पैशांकडे बघू नये. दोर नौकेच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतला तर इंजिन गेलेच. ओली जाळी आणि बर्फाचे क्रेट डेकवर ठेवले की नौका डोकेजड होते; ते डेकखालच्या खणात टाकून झाकणे घट्ट बसवावीत. हेलकाव्यांनी डिझेलच्या टाकीतला गाळ ढवळून फिल्टर तुंबतो, म्हणून दोन जादा फिल्टर हाताशी असावेत. नाळ (नौकेचे पुढचे टोक) लाटेला समोर, वेग कमी. आडवी लाट नौका उलटवते.

सर्वांत मोठी चूक खाडीच्या मुखाशी होते. वाळूच्या दांड्यावर ओहोटीचे पाणी लाटेला भिडले की लाट उभी राहून फुटते. अशा वेळी भरतीची वाट पाहत खोल पाण्यात थांबावे किंवा देवगडसारखे आडोशाचे बंदर गाठावे.

लाइफ जॅकेट केबिनमध्ये नव्हे, अंगावर हवे. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

– एक मच्छीमार, दापोली