सही करण्याआधी

धरमपेठ, नागपूर

चि. रेवास अनेक आशीर्वाद,

तुझ्या नव्या सेलो-रचनेच्या कराराचा मसुदा वाचला. रक्कम बरी आहे. ‘वर्क फॉर हायर’ हे कलम मात्र काढायला सांग. ते राहिलं तर पैसे देणारे रचनेवर मालकी सांगू शकतात. पहिला प्रयोग त्यांचा, हवं तर वर्षभर दुसऱ्या कुणाला देणार नाही हेही कबूल कर, पण कॉपीराइट तुझाच. स्कोअरवरून, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलेखनावरून, प्रत्येक वाद्याचे सुटे पार्ट्स कोण काढणार, तेही लिहून घे. नाहीतर पानं उलटायच्या जागा जुळवण्यात आठवडे जातात आणि मानधन तेवढंच राहतं.

सेलो वाजवण्याचे पैसे त्या संध्याकाळपुरते. रचना पुढेही कमावते. सेलोवादक आणि संगीतकार व्हिक्टर हर्बर्टला हे पक्कं ठाऊक होतं. गर्न्सी बेटावरचा जन्म, शिक्षण जर्मनीत. 1886 मध्ये न्यूयॉर्कला गेला तो बायकोला मेट्रोपॉलिटन ऑपेराचा करार मिळाला म्हणून. त्याच ऑर्केस्ट्रात तो सेलो वाजवू लागला. 1894 मध्ये त्याचा दुसरा कॉन्चेर्टो (सेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) चेक संगीतकार ड्वोर्झाकने ऐकला आणि त्याच वर्षाअखेर स्वतःचा बी मायनर सेलो कॉन्चेर्टो लिहायला घेतला. हर्बर्टचा स्कोअर काढून बघ: ट्रॉम्बोन असूनही सेलो दबत नाही. सेलोचे मधले स्वर हॉर्न आणि व्हायोलांच्याच पट्ट्यातले, तिथे तो बुडतो. भरगच्च साथीत त्याला ए तारेवर, म्हणजे सर्वांत उंच स्वराच्या तारेवर, वर चढव. खाली आणायचा तर साथ विरळ कर. तुझ्या रचनेच्या दुसऱ्या भागात नेमकं उलटं झालंय.

मला मात्र हर्बर्ट आवडतो तो कोर्टातला. 1914 मध्ये त्याने इतरांसोबत अ‍ॅस्कॅप ही संगीतकारांसाठी प्रयोगांचे पैसे वसूल करणारी संस्था उभी केली. एका रेस्टॉरंटमध्ये त्याचं गाणं गायलं गेलं. ऐकायला वेगळं तिकीट नाही, मग पैसे कसले, असा मालकाचा युक्तिवाद. 1917 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला: संगीताची किंमत गिऱ्हाईक बिलातून मोजतंच. आपल्या इथल्या कायद्याने सदरमधल्या हॉटेलांनाही असेच पैसे द्यावे लागतात. लग्नाच्या मांडवाला कायद्यानेच सूट, तिथे हात टेकायचे. तू रचना अशा संस्थेकडे नोंदव आणि प्रत्येक प्रयोगाची कार्यक्रमपत्रिका त्यांना पाठव, नाहीतर प्रयोग झाल्याचं त्यांना कळणार कसं?

ओपीटीत, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याच्या तुझ्या परवानगीत, सुटे कार्यक्रम चालतात, पण आठवड्याला किमान 20 तास भरायला हवेत आणि बिनकामाचे दिवस एकूण 90 च्या वर जाता कामा नयेत. तारीख, आयोजक, तास रोजच्या रोज वहीत लिही. पुढे असामान्य कलावंतांसाठीच्या ओ-वन व्हिसाला हीच वही, करार, पत्रिका आणि वर्तमानपत्रांतली परीक्षणं कामी येतील. नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच छापायला सांग. तो अर्ज आपला आपल्याला करता येत नाही. नोकरी देणारी संस्था किंवा अमेरिकी एजंट लागतो. तुझी कामं विखुरलेली, म्हणून एजंटच शोध, आणि ओपीटी संपायची वाट न बघता.

सुधारलेला मसुदा आला की मला पाठव. तोवर सही नको.

तुझी,
आई