नावाखालच्या दोन ओळी

फोंडा, गोवा
१४ जुलै २०२५

चि. निखिल यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. विमागणिताच्या, म्हणजे विम्याची जोखीम आणि हप्ते आकड्यांत मांडण्याच्या शास्त्राच्या, प्रवेशपरीक्षेत तू उत्तीर्ण झाल्याचे कळताच बाबा म्हार्दोळला जाऊन म्हाळसेपुढे नारळ ठेवून आले. त्यामुळे तुझ्या आनंदात आम्ही सहभागी झालो आहोत, हे वेगळे लिहायला नको. पत्राच्या उत्तरार्धात तू जो प्रश्न विचारला आहेस, त्याला मात्र फोनवर उत्तर देणे मला जमले नसते. वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च कोणी उचलावा, यावर देशोदेशी समित्या बसतात. त्या समित्यांतले तज्ज्ञ मुळात कोण असतात, आणि त्यांच्यात एक दिवस बसायचे तर विमागणिताच्या परीक्षा देत राहावे, एमएसडब्ल्यू ही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करावी की सार्वजनिक धोरणाची पदवी घ्यावी, असे तू विचारतोस.

अहवालाच्या अखेरीस सदस्यांच्या नावांखाली परिचयाच्या दोन ओळी असतात. तू त्यांतली पदवी वाचतोस, असे तुझ्या पत्रावरून दिसते. मी त्या माणसाची पहिली नोकरी शोधते. इस्पितळाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात काम करताना मला हे दिसत आले की, एकाच रुग्णाची फाइल विमा कंपनीच्या माणसाने उघडली तर तो आजार पॉलिसीच्या आधीचा होता का, हे पाहतो. सरकारी अधिकारी उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला पाहतो. आणि समाजसेविका विचारते की, हिला घरी नेल्यावर रात्री उठवणार कोण? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्याने उमेदीची पाच-सात वर्षे त्यांतला एकच प्रश्न विचारण्यात घालवली, त्याला उरलेले दोन आपोआप सुचत नाहीत, मग तो कितीही विद्वान असो.

विल्यम बेव्हरिजचे नाव तुझ्या अभ्यासक्रमात येऊन गेले असेल. १८७९ साली बंगालमधल्या रंगपूरला, आयसीएस अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस लंडनच्या पूर्व भागातील टॉयनबी हॉल या सेवाकेंद्रात गरीब वस्तीच्या सान्निध्यात राहिला, मग वर्तमानपत्रात सामाजिक प्रश्नांवर अग्रलेख लिहू लागला, १९०८ मध्ये व्यापार खात्यात शिरून रोजगार केंद्रांच्या उभारणीत पडला आणि पुढे जवळजवळ दोन दशके लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा संचालक होता. १९४२ चा त्याचा सामाजिक विम्याचा अहवाल या साऱ्या मुक्कामांनंतर आला. त्या समितीत निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी होते, पण शिफारशी सरकारच्या गळ्यात पडू नयेत म्हणून त्यांना केवळ सल्लागार ठरवण्यात आले आणि अहवालावर सही एकट्या बेव्हरिजची राहिली. तुझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते याच अहवालाच्या मागे आहे: सरकारी विमागणितीने खर्चाचा अंदाज मांडणारे स्वतंत्र टिपण तेथे जोडले आहे. वस्तीत राहिलेल्या माणसाचे म्हणणे आणि आकडे मांडणाऱ्याचे टिपण एकाच बांधणीत आले, हे मला त्या अहवालाचे मोठे बळ वाटते.

आपल्याकडे प्रा. भा. पु. अदारकर या अर्थशास्त्रज्ञाने कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झाले तेव्हा अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख आयसीएस होते आणि त्याआधी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेमागचे वि. स. पागे तर वकील आणि विधान परिषदेचे सभापती. यांपैकी कोणाहीकडे तू म्हणतोस तशी धोरणाची पदवी नव्हती. तेव्हा ती मिळतच नव्हती, हे तू म्हणणारच. म्हणून अलीकडचे उदाहरण घेऊ.

इंग्लंडमध्ये २०१० साली नेमलेला डिलनॉट आयोग तू अवश्य अभ्यासावास, कारण तुझा प्रश्न हाच त्याचा विषय होता. सदस्य अवघे तीन. अध्यक्ष अँड्र्यू डिलनॉट हे अर्थशास्त्रज्ञ, करांचा आणि सरकारी खर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे माजी संचालक. लॉर्ड नॉर्मन वॉर्नर आधी आरोग्य खात्यातले सनदी अधिकारी, नंतर केंट परगण्याच्या समाजसेवा विभागाचे संचालक आणि पुढे आरोग्य राज्यमंत्री, म्हणजे टेबलाच्या तिन्ही बाजूंना बसून झालेले गृहस्थ. तिसऱ्या डेम जो विल्यम्स. त्यांनीही स्थानिक समाजसेवा विभाग चालवले होते आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी काम करणाऱ्या मेनकॅप या संस्थेच्या त्या प्रमुख होत्या. आयोगाने प्रश्न मांडला तो विम्याच्या भाषेत. पासष्टीला पोहोचलेल्या दर दहा जणांपैकी एकाला उर्वरित आयुष्यात शुश्रूषेवर एक लाख पौंडांहून अधिक खर्च करावा लागेल, पण तो एक कोण, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. आणि खर्चाला वरची मर्यादाच नसल्यामुळे खाजगी कंपन्या ही जोखीम घ्यायला धजत नाहीत. म्हणून एका माणसाने आयुष्यभरात जास्तीत जास्त सुमारे ३५,००० पौंड सोसावेत आणि त्यापुढचा भार सरकारने घ्यावा, अशी शिफारस जुलै २०११ मध्ये झाली. अर्थशास्त्रज्ञाला जोखमीची लांब शेपटी, म्हणजे मोजक्याच माणसांवर कोसळणारा प्रचंड खर्च, दिसली. समाजसेवा विभाग चालवलेल्या दोघांना हे ठाऊक होते की, गरजेची तपासणी गावागणिक निराळी होत असेल तर कोणतीही मर्यादा कागदावरच राहते, आणि म्हणूनच अहवालात देशभर एकच निकष असावा, असेही आले. एका पेशाच्या तीन माणसांकडून या दोन गोष्टी एकत्र आल्या असत्या, असे मला वाटत नाही.

पुढे काय झाले, तेही वाच. इंग्लंडमधल्या २०१४ च्या कायद्याने खर्चाच्या मर्यादेला जागा दिली, ७२,००० पौंडांचा आकडा २०१६ साठी ठरला आणि पुढे ढकलला गेला. मग ८६,००० चा आकडा आला, तोही लांबला. आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने पैसे नाहीत म्हणून ती योजनाच सोडून दिली. तिजोरी सांभाळणाऱ्याला समितीत घेतले नाही तरी शेवटचा शब्द त्याचाच असतो, एवढे ध्यानात ठेव.

आता आपल्या देशातल्या विमा नियामकाकडे वळते. ज्या कायद्याने हे प्राधिकरण स्थापले, त्या १९९९ च्या कायद्याचे चौथे कलम काढून पाहा. अध्यक्ष आणि सदस्य आयुर्विमा, सर्वसाधारण विमा, विमागणित, वित्त, अर्थशास्त्र, कायदा, लेखाशास्त्र, प्रशासन किंवा सरकारला उपयुक्त वाटेल अशा अन्य विषयातले जाणकार असावेत, असे तेथे म्हटले आहे. तुझ्या विषयाचे नाव आहे. वैद्यक वा शुश्रूषा यांचे नाव नाही. त्यांनी ‘अन्य विषया’त सामावून घ्यायचे. पहिले अध्यक्ष एन. रंगाचारी आयकर खात्यातून आले आणि नंतरच्या अध्यक्षांत सनदी अधिकाऱ्यांचाच भरणा आहे. या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. आरोग्य विम्यात आधीच्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली, हे नियामकानेच केले. पण मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे, हे बंधन विम्याच्या कायद्यातून आले नाही. ते २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या एकविसाव्या कलमातून आले. त्या कायद्याच्या मसुद्यावर काम केलेल्यांपैकी डॉ. सौमित्र पठारे हे मानसोपचारतज्ज्ञ तुझ्याच पुण्यात, इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रात आहेत. विमाक्षेत्रातल्या कोणी तरी हे आपण होऊन करायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

गोव्याची गोष्ट तुला परकी नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण केरळखालोखाल आपल्याकडे होते, ११ टक्क्यांहून अधिक. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण आहे, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे दरमहा खात्यात पडतात आणि प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेचे वृद्धाश्रम पोर्तुगीज अमदानीपासून चालत आले आहेत. तरीही खुब्याचे हाड मोडलेली सत्तरीतली एखादी आजी शस्त्रक्रिया होऊन, डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन घरी परतते, मुलगा जहाजावर आणि सून नोकरीला, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांसाठी लागणाऱ्या बाईचा पगार यांपैकी कोठेच बसत नाही. योजना आखणाऱ्यांची पार्श्वभूमी इस्पितळाच्या बिलाची असेल, तर योजना बिलापाशीच थांबते. याउलट १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेने काय केले, ते पाहा. डॉ. विक्रम पटेल स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असूनही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले, आणि त्याचा नैराश्याच्या रुग्णांना उपयोग होतो की नाही, हे रीतसर चाचणी करून तपासले. निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्याच पेशाची मक्तेदारी सैल करायला तयार असलेला तज्ज्ञ मला विरळा वाटतो.

तेव्हा माझे मत असे की, तू एमएसडब्ल्यू करू नयेस. आयुष्यभर तेच काम केलेल्या आईने असे सांगावे, याचे तुला नवल वाटेल. पण केवळ मन हळवे आहे म्हणून या पेशात आलेली मुले मी पाहिली आहेत; क्षेत्रकार्याच्या पहिल्याच सत्रात त्यांना कळते की, अर्धा दिवस दाखले गोळा करण्यात आणि नातेवाइकांचे फोन लावण्यात जातो. तुझे डोके आकड्यांत चालते आणि या क्षेत्राला आकड्यांची निकड आहे: अंथरुणाला खिळलेला माणूस किती महिने तसा राहतो, याची मृत्युसारणीसारखी (कोणत्या वयात किती माणसे दगावतात, हे दाखवणाऱ्या तक्त्यासारखी) सारणी हाताशी नसेल, तर शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता ठरवणार कसा? जपानने २००० साली आणि जर्मनीने १९९५ मध्ये असा सक्तीचा विमा आणला, त्यामुळे हिशेबाची रीत शिकायला त्यांचे दाखले मिळतील; आपली माणसे मात्र आपल्यालाच मोजावी लागतील. सार्वजनिक धोरणाची पदवी तिशीनंतर घे. एखाद्या कामात हात मुरल्यावर ती उपयोगी पडते. त्याआधी घेतली तर माणूस अहवालांवर अहवाल लिहायला शिकतो.

विमागणिताच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात, हे तू लिहिलेच आहेस. मग तुला आलेल्या दोन प्रस्तावांपैकी परदेशी कंपन्यांच्या पेन्शनचे हिशेब करण्याचा प्रस्ताव, पगार जास्त असूनही, मला कमी पटतो. दुसरीकडे आरोग्य विम्याच्या दाव्यांचे काम आहे आणि तेथे पहिले काही महिने दाव्यांच्या फाइली हातांनी चाळाव्या लागतील, याचा तुला कंटाळा दिसतो. माझ्या मते त्या नोकरीतली तीच सर्वांत मोलाची बाब आहे. नाकारलेल्या दाव्यामागचे पत्र वाचल्याखेरीज जो त्याचा आकडा सारणीत घालतो, त्याच्याकडून मला पुढे कोणत्याही समितीत फारशी अपेक्षा राहणार नाही. शक्य झाले तर महिन्यातून एखादा शनिवार पुण्यातल्या एखाद्या वृद्धाश्रमात जा, आणि तेथे सेवा म्हणून काही करण्याआधी त्यांचे खर्चाचे वहीखाते पाहू देतात का, ते विचार.

बाबांचे म्हणणे निराळे आहे. पहिली दोन वर्षे पगार पाहावा आणि शिक्षणाचे कर्ज फेडावे, असे ते म्हणतात, आणि कर्ज त्यांच्याही नावावर असल्याने त्यांचे म्हणणे तू हलक्यात घेऊ नयेस. दोन्ही प्रस्तावांतला हातात पडणारा पगार आणि कर्जाचा हप्ता कागदावर मांडून पाठव, म्हणजे दाव्यांच्या नोकरीत हप्ता झेपतो की नाही, हे आम्हालाही पाहता येईल. कंपनीला उत्तर कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे आहे, तेही कळव. ती तारीख गणेशचवथीनंतरची असेल तर तू घरी आल्यावर बाबांशी समोरासमोर बोलूनच ठरव.

तुझी,
आई